रेघेच्या वर

मगदूमांच्या सन्मतीनं काउंटरवर चार खोकी मांडली.
दोन शिंगांचा, चार शिंगांचा, सहा शिंगांचा,
आणि एक बिनशिंगी, पांढरा, साबणाच्या वडीसारखा.
“काकू, घर किती स्क्वेअर फूट?”
फूट नको विचारूस, मी म्हटलं, भिंती विचार.
गावभागातलं घर. पुढच्या खोलीपासून मोरीपर्यंत तीन,
त्यातली मधली हातभर जाड, काळा दगड, आत चुना.
तिच्यातून यांची हाकसुद्धा
दुसऱ्या खेपेला पोचते.

तो म्हणाला, पाच गीगाहर्ट्झ जोरात पळतं,
पण भिंत आली की दमतं.
दोन पॉइंट चार हळू, पण चिवट.
माझ्या सासरी दोन्ही प्रकारची माणसं होती,
मला लगेच समजलं.

सहा शिंगांचा नाही घेतला.
खरसुंडीच्या बाजारात वडील सांगायचे,
शिंगं बघून बैल घेऊ नये, खूर बघावेत.
चार शिंगांचा घेतला. बावीसशे म्हणाला, एकवीसशेला दिला.
सोबत छोटी बॅटरी, तिचे वेगळे.
लाईट गेली तरी चार तास.

घरी जागेवरून जुंपली.
हे म्हणाले, टीव्हीमागं लपव, वायरी दिसतात.
माडीवरची भाडेकरू वृषाली, नर्सिंगला आहे,
जिन्यातूनच म्हणाली, फ्रिजवर चालेल का काकू?
इस्माईल ड्रिल घेऊन उभा. “कुठं मारू?”

मी भिंतीकडं बघितलं.
एकोणीस सालची रेघ दोनदा रंग देऊनही उमटते,
चहा सांडून पुसल्यासारखी,
माझ्या खांद्याच्या वर चार बोटं.
तेव्हा आठवडाभर सगळं गाव एकच विचारत होतं,
आयर्विनला किती फूट?
आणि आमचा फोन तिपाईवर, पाण्याखाली,
रिसीव्हर जागच्या जागी, नीट ठेवलेला.

“रेघेच्या वर,” मी म्हटलं. “हातभर वर.”
इस्माईल स्टुलावर चढला, काही न विचारता.
त्याच्याही घरात आता बटणं
लहान पोरांच्या हाताला लागत नाहीत.

गंमत म्हणजे उंचावरून रेंज मोरीपर्यंत गेली.
हे तिथूनही व्हिडिओ बघतात. असो.

नाव द्या, असं ॲपनं विचारलं. यांना आडनाव हवं होतं.
मी टाकलं: ट्रंक बुकिंग.
पासवर्ड सांगणार नाही.
एकतीस वर्षं एक्स्चेंजमध्ये काढली,
नंबर पाठ होते, त्याहून जास्त पाठ होतं
काय ऐकलं नाही असं म्हणायचं ते.

झोप येत नाही तेव्हा यादी उघडते.
कोण कोण जोडलंय.
यांचा फोन, मालकासारखाच पडून.
वृषालीचा. टीव्ही.
आणि एक ज्याला नाव नाही, नुसती अक्षरं, आकडे.
रोज पावणेदोनला येतो,
अडीचच्या पुढंमागं जातो.
समोर लाल अक्षरात: ब्लॉक करा.

बोर्डावर कॉर्ड खुपसून आम्ही म्हणायचो,
तीन मिनिटं झाली, पुढं चालू ठेवायचंय?
एका रात्री मिरजेहून एक बाई बोलतच नव्हती, रडत होती.
पलीकडं जबलपूरला कुणीतरी, तोही गप्प.
सहा मिनिटं झाली. नऊ झाली.
तिकिटावर मी तीनच लिहिली.
सुपरवायझरनं बघितलं, आणि पेन्सिलीला टोक काढत बसल्या.

गल्लीतला कोण असेल? वृषालीला विचारीन सकाळी.
नाहीतर राहू दे.

आठवड्यातून एकदा बंद करून चालू करत जा,
सन्मती म्हणाला होता, ताजा राहतो.
करीन. रविवारी, दुपारी, हे झोपल्यावर.
रात्री पावणेदोनला नाही.